शिरे काढून घेतल्यानंतर : ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे प्रकरण

सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने जाहीर केले की, प्रदर्शनात मांडलेले मानवी देहांचे १२० अवशेष दालनांतून काढून भांडारात ठेवण्यात आले आहेत. त्यांत दक्षिण अमेरिकेतील शुआर आणि आचुआर लोकांकडून आलेली आक्रसवलेली शिरे होती, नागा प्रदेशातून आणलेल्या कवट्या होत्या आणि इजिप्तमधील एका बालकाची ममीही होती. कोविडमुळे मार्चपासून बंद असलेले संग्रहालय २२ सप्टेंबरला पुन्हा उघडले, ते या बदललेल्या मांडणीसह. बातमी जगभर पोहोचली, कारण ही शिरे त्या संग्रहालयाची ओळखच बनली होती. पिढ्यान्‌पिढ्या ऑक्सफर्डची मुले शाळेच्या सहलीत किंवा आईवडिलांचा हात धरून आली की सर्वांत आधी त्या काचपेटीची चौकशी करीत.

या घटनेचा उल्लेख बहुधा वसाहतवादावरील मोठ्या वादातली एक चकमक म्हणून होतो. ती बाजू खरी आहेच. परंतु संग्रहालयाच्या रोजच्या कामाच्या दृष्टीने हे प्रकरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. सुटीच्या दिवशी आलेल्या कुटुंबाला संस्था काय दाखवते, त्याविषयी काय सांगते आणि ते सांगण्याचा अधिकार तिला कोणी दिला, हे तिन्ही प्रश्न इथे एकाच काचपेटीसमोर उभे राहिले.

जागा आणि मांडणी

ऑक्सफर्डमध्ये संग्रहालय हा विद्यापीठाच्या जीवनाचाच भाग आहे. अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात आइन्स्टाइन यांनी १९३१ च्या व्याख्यानात वापरलेला फळा अजून जपून ठेवलेला आहे, आणि १८६० मध्ये उभ्या राहिलेल्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात, इमारत नवीकोरी असतानाच, उत्क्रांतिवादावर हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांची प्रसिद्ध खडाजंगी झाली. या संग्रहालयांत प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे सकाळी प्रदर्शन, दुपारी मुलांसाठी चित्रकलेचा किंवा हस्तकलेचा कार्यक्रम आणि संध्याकाळी एखादे व्याख्यान, असा दिवस तिथल्या कुटुंबाला फारसा खर्च न करता घालवता येतो.

पिट रिव्हर्सकडे जाण्याची नेहमीची वाट निसर्गेतिहासाच्या संग्रहालयातून जाते. काचेच्या उंच छताखाली डायनासोरचे सांगाडे आणि डोडोचे अवशेष पाहत मुले मागच्या टोकाला पोहोचतात आणि तिथून अचानक अंधाऱ्या, दाटीवाटीच्या दालनात उतरतात. पिसे, कापड आणि रंग टिकावेत म्हणून आत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला आहे. पाहणाऱ्यांना छोटे टॉर्च दिले जातात. काचपेट्यांच्या खाली खण आहेत आणि ते स्वतः उघडून आतल्या वस्तू पाहता येतात. वर कॅनडातील हैडा लोकांचा अकरा मीटरहून उंच कोरीव स्तंभ उभा आहे. वस्तूंवर बारीक अक्षरांत हाताने लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत. मुलाच्या हाती टॉर्च दिला आणि खण उघडायची मुभा दिली की त्याला वेगळा कार्यक्रम आखून द्यावा लागत नाही, हे कोणत्याही पालकाला सहज पटेल.

संग्रहालयाचा जन्म १८८४ मधला. ऑगस्टस हेन्री लेन फॉक्स पिट रिव्हर्स या लष्करी अधिकाऱ्याने आपला वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह विद्यापीठाला दिला, पण अटी घालून : संग्रहासाठी इमारत बांधावी आणि मानववंशशास्त्र शिकवण्यासाठी अध्यापक नेमावा. त्याप्रमाणे एडवर्ड टायलर यांची नेमणूक झाली आणि ब्रिटनमध्ये हा विषय विद्यापीठात शिकवला जाऊ लागला. संग्रहाची मांडणी प्रदेशानुसार केलेली नाही, वस्तूच्या प्रकारानुसार केलेली आहे. दिव्यांशेजारी दिवे, कुलपांशेजारी कुलपे, होड्यांशेजारी होड्या, मग त्या कोणत्याही खंडातल्या असोत. या मांडणीमागे जनरलसाहेबांची एक राजकीय धारणाही होती. साध्या वस्तूपासून गुंतागुंतीच्या वस्तूपर्यंतचा क्रम डोळ्यांना दिसला की प्रगती टप्प्याटप्प्यानेच होते हे कामगारवर्गाला उमगेल आणि क्रांतीची घाई त्याला पटणार नाही, असे त्यांना वाटे.

तो हेतू आता कोणी धरून बसलेले नाही, पण मांडणी टिकली, आणि माझ्या मते तिचा एक गुण अस्सल आहे. शंभर कुलपे एकत्र पाहिल्यावर मुलाला न सांगता कळते की चोरीची भीती सगळ्यांनाच असते आणि तिच्यावरचे उपाय मात्र नाना परीचे असतात. पाऊस, अंधार, भूक, आजार, खेळ या साऱ्यांबाबत ही तुलना काम करते. ज्या पेटीवर ‘मेलेल्या शत्रूंना दिलेली वागणूक’ अशा अर्थाचे शीर्षक होते, तिथे मात्र तीच पद्धत साफ फसली.

पेटीत काय होते आणि काय नव्हते

शुआर आणि आचुआर हे आजच्या इक्वेडोर आणि पेरूच्या अ‍ॅमेझॉन भागात राहणारे लोक. त्यांच्यात पूर्वी मारलेल्या शत्रूच्या डोक्याची कातडी काढून, ती उकळून, तापलेली वाळू आणि खडे घालून आक्रसवण्याचा विधी होता. ओठ दोऱ्याने शिवले जात. अशा शिराला त्सांत्सा म्हणतात. शत्रूच्या आत्म्याचे बळ त्यात कोंडून ते आपल्या माणसांच्या कल्याणाकडे वळवायचे, ही त्यामागची श्रद्धा होती, आणि त्यासाठी दीर्घ विधी करावे लागत. विधी आटोपला की त्या वस्तूचे मोल बरेचसे संपत असे.

मग युरोपीय आणि अमेरिकी संग्राहक आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शिरांना बाहेरून मागणी आली आणि ती बंदुकांच्या बदल्यात घेतली जाऊ लागली. बंदुकांमुळे हल्ले वाढले आणि हल्ल्यांमुळे शिरे वाढली. मागणी पुरी होईना, तेव्हा शहरांतील बेवारस प्रेतांपासून, तसेच स्लॉथ आणि माकडांच्या डोक्यांपासून नकली शिरे तयार करून विकण्याचा धंदा सुरू झाला. पिट रिव्हर्सकडची शिरे १८८४ ते १९३६ या काळात आली आणि १९४० च्या दशकापासून मांडलेली होती. त्यांतही काही प्राण्यांची आहेत.

म्हणजे पेटीत दिसत होते ते एका समाजाचे शत्रूंशी वागणे, आणि दिसत नव्हता तो गिऱ्हाईक. ज्या बाजाराने ही हिंसा वाढवली आणि ज्याच्या एका टोकाला ऑक्सफर्डमधील काचपेटी होती, त्याचा त्या मांडणीत मागमूस नव्हता. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने टॉर्चचा झोत टाकला की त्याला शिवलेले ओठ दिसत आणि जवळच ‘शत्रू’ हा शब्द. त्यावरून ‘ते लोक रानटी होते’ याखेरीज दुसरा निष्कर्ष त्याने कसा काढावा? संग्रहालयाने केलेल्या प्रेक्षक-अभ्यासातही हेच आढळले. संचालक लॉरा व्हान ब्रुकहोव्हन यांनी निर्णय जाहीर करताना स्पष्ट सांगितले की, हे अवशेष पाहून प्रेक्षक इतर संस्कृतींना रानटी, आदिम किंवा किळसवाण्या ठरवीत, आणि समज वाढण्याऐवजी वंशभेदी साचे पक्के होत.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. निर्णयाला भावनेची बाजू होती, तशी ती संग्रहालयाच्या मूळ कामाची, शिकवण्याची, बाजूही होती. एखादी मांडणी वर्षानुवर्षे लोकप्रिय असेल आणि ती पाहून बाहेर पडणारी मुले चुकीची गोष्ट शिकून जात असतील, तर ती मांडणी अपयशी आहे. गर्दीवरून यशाचा अंदाज बांधण्याची सवय इतकी रुळलेली आहे की हे अपयश दिसायला फार वेळ लागला.

निर्णयाची वाटचाल

हा बदल एका रात्रीत झाला नाही. ब्रिटनमध्ये मानवी ऊतींविषयीचा कायदा २००४ मध्ये झाला. मृत्यूला शंभर वर्षे झालेली नाहीत अशा व्यक्तीचे अवशेष लोकांसमोर मांडायचे तर त्यानुसार परवाना लागतो. त्याहून जुन्या अवशेषांना ही अट लागू नाही. मात्र २००५ मध्ये सरकारच्या संस्कृतिखात्याने संग्रहालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मानवी अवशेष मांडल्याने विषय समजण्यास खरोखर भर पडत असेल आणि तेच काम दुसऱ्या मार्गाने तितक्याच चांगल्या रीतीने होत नसेल, तरच ते मांडावेत. सोबत पुरेशी माहिती असावी. आणि प्रेक्षक नकळत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहणार नाही अशी जागा योजावी, असे त्या सूचना सांगतात. अंधाऱ्या दालनातील दाटीवाटीच्या पेट्यांना ही कसोटी लावली की उत्तर शोधावे लागत नाही.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डमधील ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्याविरुद्धच्या चळवळीने पिट रिव्हर्सला शहरातील सर्वाधिक हिंसक जागांपैकी एक म्हटले. संस्थेला हे झोंबणे स्वाभाविक होते. २०१६ पासून संचालक असलेल्या व्हान ब्रुकहोव्हन यांच्या काळात ते विधान झटकून टाकण्याऐवजी त्यावर काम सुरू झाले. २०१७ पासून मांडणीचा नैतिक अंगाने आढावा घेण्यात आला आणि जुन्या चिठ्ठ्यांतील तुच्छतादर्शक भाषेचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला गेला. संग्रहालयाच्या प्रवेशाशी नवी पेटी मांडून अशा भाषेविषयी प्रेक्षकाला सुरुवातीलाच सावध करण्याची व्यवस्था झाली. याच सुमारास ‘मुल्तका’ हा उपक्रम आकाराला आला. देश सोडावा लागलेल्या, अरबी बोलणाऱ्या आणि इतरही स्वयंसेवकांनी इस्लामी जगातील वस्तूंविषयी प्रेक्षकांशी आपल्या अनुभवातून बोलावे, अशी त्याची कल्पना आहे. ज्यांच्या वस्तू आहेत त्यांच्या तोंडून त्या ऐकायच्या, हा या साऱ्या कामांमागचा समान धागा होता, आणि म्हणूनच शिरांचा निर्णय या कामांपासून तोडून पाहता येत नाही.

शुआर समाजाशी आणि इक्वेडोरमधील अभ्यासकांशी झालेला संवादही त्यात मोडतो. आपल्या पूर्वजांनी या पवित्र वस्तू पुढचे परिणाम न ओळखता देऊन टाकल्या, आणि संग्रहालयात मांडलेली, पुस्तकांत वर्णिलेली मृत माणसे म्हणून आपल्याला ओळखले जावे असे आपल्याला वाटत नाही, अशी भूमिका शुआर नेत्यांनी मांडली होती. निर्णय जाहीर झाला तो २०२० च्या उन्हाळ्यातील वंशवादविरोधी निदर्शनांनंतर काही महिन्यांनी. त्यामुळे संस्था दबावापुढे झुकली असा समज पसरला. आढाव्याचे काम तीन वर्षे आधीपासून चालू होते, हे त्या गदारोळात मागे पडले.

आक्षेप

विरोध करणारे सगळे एका सुरात बोलत नव्हते. काहींचे म्हणणे, हा इतिहास लपवण्याचा प्रकार आहे. भूतकाळ अप्रिय असला तरी तो डोळ्यांसमोर असला पाहिजे. या आक्षेपात तथ्य असते, जर इतिहास त्या पेटीत असता. पण वर सांगितल्याप्रमाणे बंदुकांचा व्यापार, संग्राहकांची मागणी आणि नकली शिरांचा बाजार यांपैकी काहीच तिथे नव्हते. आता शिरे नाहीत आणि ती का नाहीत हे सांगणारा मजकूर आहे. इतिहास आहे तो या मजकुरात.

दुसरा आक्षेप पालकांचा होता आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. मुलांना संग्रहालयाची गोडी लागते ती थरारातून. थरार काढून घेतला तर उरेल काय? आपल्याकडेही जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये, बडोद्याच्या संग्रहालयात किंवा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये मुले आत पाऊल टाकताच ‘ममी कुठे आहे?’ असेच विचारतात, आणि त्या प्रश्नामुळे ती इतर चार दालने पाहतात हेही खरे. म्हणून या आक्षेपाला ‘कसली ही हौस’ म्हणून उडवून लावणे योग्य नाही. मुलांना मृत्यूविषयी कुतूहल असते आणि ते निर्मळ असते. घरात त्याविषयी बोलले जात नाही, म्हणून तर ती काचेला नाक लावून पाहतात.

या कुतूहलाला दुसरे, अधिक खरे खाद्य देता येते, हे पुण्याच्या उदाहरणावरून सांगता येईल. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत मूल निजवायचे, अशी ती पद्धत होती. वारसा सप्ताहात शाळकरी मुलांना ही माहिती देताना हाडे दाखवलीच पाहिजेत असे नाही. रांजणांची जोडी, घराचा नकाशा आणि ‘यांनी आपले मूल घरातच का ठेवले असेल?’ हा प्रश्न एवढ्यावर मुले गप्प होऊन विचार करू लागतात. तिथे थरार नसतो असे नाही. तो त्या आईबापांबद्दलच्या जवळिकीतून येतो, आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक मुलांना परके वाटत नाहीत.

पिट रिव्हर्सपुढचे काम याच जातीचे आहे. काढलेल्या शिरांच्या जागी लावलेला मजकूर मोठ्यांना पटला, तरी सात वर्षांच्या मुलाला तो पालकाने किंवा मार्गदर्शकाने सोपा करून सांगावा लागतो. ‘इथे कोणाचे तरी आजोबा होते, आणि त्यांच्या माणसांना ते असे दाखवलेले आवडत नव्हते’ हे वाक्य मुलाला समजते. बहुतेक मुलांना ते रास्तही वाटते, कारण आपल्या घरच्या माणसाबद्दल ती तेच म्हणतील.

नागा अवशेषांचे पुढे काय झाले

भारतीय वाचकाच्या दृष्टीने प्रकरणाचा हा भाग सर्वांत जवळचा. नागा वस्तूंचा जगातील सर्वांत मोठा संग्रह पिट रिव्हर्समध्ये आहे. सुमारे ६,५०० वस्तू. नागा टेकड्यांत प्रशासक म्हणून राहिलेले हटन आणि मिल्स यांच्याकडून त्यांतील फार मोठा भाग आला, आणि संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक हेन्री बॅल्फर १९२२ मध्ये स्वतः तिकडे जाऊन आले होते. प्रशासक, संग्राहक आणि अभ्यासक या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असत. त्यामुळे ‘दिलेली’ आणि ‘घेतलेली’ वस्तू यांतला फरक नोंदवहीतून नेहमीच कळत नाही.

२०२० च्या घोषणेनंतर डॉली किकॉन आणि आर्कोटोंग लाँगकुमेर या नागा मानववंशशास्त्रज्ञांनी या अवशेषांबाबत संग्रहालयाशी बोलणे सुरू केले. नागा गटांमधील समेटासाठी २००८ पासून काम करणाऱ्या ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ने मध्यस्थाची जबाबदारी घेतली. मग जे घडले ते मला ऑक्सफर्डमधील घोषणेपेक्षा मोठे वाटते. आपल्या पूर्वजांचे अवशेष इंग्लंडमध्ये आहेत हे असंख्य नागा कुटुंबांना ठाऊकच नव्हते. संशोधकांच्या गटाने गावांत, महाविद्यालयांत, चर्चच्या मंडळींत आणि वडीलधाऱ्यांत बैठका घेतल्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवल्या आणि तरुणांसाठी हा सगळा विषय चित्रकथेच्या रूपात छापला. घरात आजी आणि नातू एकत्र बसून वाचू शकतील असे ते साधन आहे. विद्यापीठाच्या शहरात व्याख्यान आणि कौटुंबिक कार्यक्रम म्हणून जे चालते, तेच इथे डोंगरातल्या गावांत चालले, आणि विषयावर हक्क सांगणारे लोक श्रोत्यांतच बसलेले होते.

अडचणी त्या बैठकांतूनच पुढे आल्या. नागा प्रदेशात शिरच्छेदाची प्रथा होती. ज्या गावातून कवटी आणली ते गाव मृताचे असेलच असे नाही, ते त्याला मारणाऱ्याचेही असू शकते. मग अवशेष कोणाच्या हवाली करायचे? आज नागालँडमधील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि मृत व्यक्ती तो धर्म येण्यापूर्वीची. तर अंत्यविधी कोणता? दफन करायचे की स्मारक बांधायचे? जमात कोणती हे नोंदीवरून ठरत नसेल, तर सर्व जमातींनी मिळून एकच जागा निवडायची का? हे प्रश्न बाहेरच्या कोणी सोडवून देण्यासारखे नाहीत, आणि संग्रहालयाने ते स्वतः सोडवायला न जाणे हा त्याच्या शहाणपणाचा भाग आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधीलच एका लिलावगृहाने शिंगे बसवलेली नागा कवटी विक्रीला काढली. नागालँडमध्ये संताप उसळला, मुख्यमंत्री नेफियू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले आणि कवटी लिलावातून मागे घेण्यात आली. चार वर्षे चाललेल्या बैठकांमुळे समाज जागा झालेला नसता, तर ही विक्री बिनबोभाट उरकली असती असे मला वाटते. जून २०२५ मध्ये नागा वडीलधारे, अभ्यासक आणि प्रतिनिधी यांचे शिष्टमंडळ ऑक्सफर्डला आले, त्यांनी भांडारातील आपल्या पूर्वजांचे अवशेष पाहिले आणि ते परत नेण्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला.

यापुढची वाट कागदोपत्री आहे आणि ती लांब आहे. वस्तू परत देण्यास राष्ट्रीय संग्रहालयांना संसदेच्या कायद्याची आडकाठी असते, तशी विद्यापीठाच्या संग्रहालयाला नाही, पण दाव्याची छाननी होऊन अंतिम निर्णय विद्यापीठाच्या कौन्सिलकडे, म्हणजे कार्यकारी मंडळाकडे, जातो. अ‍ॅशमोलियनमधील तमिळ वैष्णव संत तिरुमंगै आळ्वारांच्या सोळाव्या शतकातील कांस्यमूर्तीबाबत भारताने केलेला दावा कौन्सिलने मार्च २०२४ मध्ये मान्य केला, आणि त्यानंतरही ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाची संमती घ्यावी लागणार होती. ती मूर्ती एका मंदिरातली होती आणि ते मंदिर ठाऊक होते. नागा अवशेषांच्या बाबतीत प्रत्येक कवटीमागचे गाव आधी शोधावे लागणार आहे, आणि ते काम हटन-मिल्स यांच्या नोंदवह्या व गावांतल्या वृद्धांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून दोन्हीकडच्या माणसांना मिळूनच करावे लागेल.